के, ए, एल

मंगळवार, अल नहदा

उद्या जहाजांच्या वेळापत्रकाची कोड-लायब्ररी फुजैरा बंदराच्या टर्मिनलला द्यायची आहे आणि डोक्यातून तीन अक्षरं जात नाहीत. के, ए, एल.

तारखांचं जुनं पॅकेज आता कुणी सांभाळत नाही, म्हणून त्यावर चालणारा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढतोय. कोड माझा, कुठल्याही कॉलेजात न शिकता लिहिलेला. बाकीच्यासाठी नवी फंक्शन्स माझ्या टीममधल्या लखनौच्या त्रिपाठीने लिहिली. टेस्टमध्ये जहाजांच्या तारखा दोन दिवस पुढे! काल मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, "डिग्री है, ध्यान नहीं है." तो एवढंच म्हणाला, "सर, नाम तो आपने रखा है." उर्मट वाटला.

आज ओळ न ओळ तपासली. के, ए, एल. माझ्या कोडमध्ये एका तारखेला मीच दिलेलं इंग्रजी अक्षरांतलं नाव. मी लिहिलं होतं मराठी ‘काल’, त्याने वाचलं हिंदी ‘कल’ आणि धरला येणारा दिवस. त्याने दुसरं काय वाचायचं? एवढा काटेकोर मी, एक ओळ कॉमेंट लिहिता आली नाही?

नाव बदललं. टेस्ट पास, खलास. पण माझं ते वाक्य? मेसेज लिहिला, "त्रिपाठीजी, कल जो बोला, उसके लिए सॉरी." मग ‘कल’ खोडून ‘सोमवार को’ केलं आणि पाठवला.