त्या शब्दाचा दुसरा अर्थ

३ जुलै, बुधवार

ऐकायला नको होतं. ऐकलं.

दुपारी डबा घ्यायला हॉस्टेलच्या स्वयंपाकघराकडे गेले आणि दारातच थबकले. आत मॅनेजर एकनाथराव आमच्या स्वयंपाकीणबाईंवर, मालनबाईंवर, ओरडत होते. कारण काय, तर तापानं फणफणलेल्या एका मुलीला मेस बंद झाल्यावर त्यांनी मऊ भात करून दिला. "कुणाला विचारून?" – आणि मग तो शब्द. साठीला आलेल्या बाईला! मालनबाई खाली मान घालून उभ्या. मी तशीच मागे फिरले. मला कुणी पाहिलं नाही.

शब्द इथं लिहवत नाही.

४ जुलै

मालनबाईंचं आज कामात लक्ष नाही. वरण खारट झालं, मुली ओरडल्या.

रेणूला विचारलं – तुला कुणी असं म्हटलं तर? मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, कॉलेज में सब बोलते. दोस्तां आपस में बोलते. इत्तं काय त्यात?" तिला खरंच काही वाटत नाही. बरं की वाईट? कळत नाही. ती इथल्या तेलुगू शाळेत शिकली, तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ही वही कुठंही पडू शकते – एवढं मात्र बरं.

८ जुलै, सोमवार

हॉस्टेल चालवणाऱ्या ट्रस्टच्या ऑफिसातल्या सायलीनं मालनबाईंना अर्ज लिहून दिला. पुण्याची पोरगी, एचआरला आहे. अर्जात नुसतं 'अपशब्द'. वरून निरोप आला, नेमका शब्द हवा. सायली त्यांना समजावत होती – "मावशी, लाज त्याला वाटू दे. तुम्ही सरळ सांगा ना, रांड म्हणाला." किती सहज! मालनबाईंनी पदर तोंडाशी धरला. "माझ्या जिभेवर न्हाई यायचा, बाई."

गुरुवारी चौकशी. हॉस्टेलची क्लार्क मी, तेव्हा मिनिट्स मीच लिहायचे.

सांगावं का? विकास, रेणूचे पप्पा, गेल्यावर ही नोकरी एकनाथरावांनीच दिली. हॉस्टेलमागची खोलीही त्यांच्याच शब्दावर. रेणूचं इंटरचं दुसरं वर्ष आहे, म्हणजे बारावीच.

९ जुलै

नाही सांगणार. संपलं.

११ जुलै, गुरुवार



चौकशीला बाहेरच्या मॅडम आल्या होत्या. तेलुगू. हिंदी येतं, मराठी नाही. म्हणून सगळं मीच सांगत होते – इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.

आधी विचारलं, त्या वेळी तिथं कोण होतं? मालनबाई म्हणाल्या, "कुनी न्हवतं." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुटले! – असं वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

मग शब्द विचारला. मालनबाई सायलीकडे बघू लागल्या. सायलीनं तो म्हणून दाखवला, अगदी खणखणीत. मॅडम म्हणाल्या, शब्द तक्रारदारानं सांगितला पाहिजे. शेवटी मालनबाई पुटपुटल्या –

"रांड म्हनले. नवरा मेला तवापासून गावात समदे तेच म्हनायचे. हायच की मी रांड. खोटं न्हाई त्यात. पन त्यांनी तसं म्हनायचं न्हवतं."

एकनाथराव लगेच – "ऐकलंत? बाई स्वतःच सांगतात. आमच्याकडे विधवेला तेच म्हणतात. शिवी कुठं आहे यात?"

मॅडमनी मला विचारलं, "विधवा, यही मतलब है?"

मी म्हणाले, "वो मतलब भी है."

१२ जुलै

मिनिट्स एकनाथरावांनी तपासून दिले. 'सदर शब्दाचा अर्थ विधवा असा असल्याचे तक्रारदाराने मान्य केले.' माझा 'भी' कुठंच नाही. मला तसंच टाइप करायला सांगितलं. केलं. सहीही केली.

त्या अर्थानं मीही तीच. पण मी दार लावून घेते, पगार घेते, आणि मला तोंडावर कुणी म्हणत नाही.

१९ जुलै, शुक्रवार

अर्ज निकाली. एकनाथराव दिवसभर हसतमुख. सायली माझ्या टेबलाशी येऊन रडली – "मीच त्यांना पुढे ढकललं." मी तिला पाणी दिलं.

मालनबाईंनी काम सोडलं. उदगीरला भावाकडे चालल्या. त्या तापातल्या मुलीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

मुली विचारतात, नवीन बाई कधी येणार.

२२ जुलै, सोमवार

काल नामपल्ली स्टेशनवर मालनबाईंना गाडीत बसवून आले. काल लिहिता आलं नाही.

खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाल्या, "झुरू नगा, बाई. तुमी दारात व्हता, म्या बघितलं व्हतं. पोर शिकतीय तुमची. म्हनून तुमचं नाव घेतलं न्हाई."