खुराक कुठं जात होता

अप्पा,

त्या हिवाळ्यात आम्ही गोधड्यांत कुडकुडत होतो आणि तुम्ही ओट्यावर उघडे झोपायचात. आई म्हणायची, "आवो, अंगावर घ्या कायतरी." तुम्ही हसायचात, "आत भट्टी पेटलीया, गोधडी कशाला?" तालमीत मात्र तुमचं वजन उतरत चाललेलं. वस्ताद तुमच्या बरगड्यांवर थाप मारायचे, "आठ भाकरी हाणतोस, जात्यात कुटं? दुसरं घर मांडलंय व्हय रं?" सगळी पोरं हसायची, तुम्हीही. मग ठरलं, खुराक कमी पडतोय. आईनं दूध वाढवलं, बदाम वाढवले, तूप वाढवलं. तुम्ही सगळं संपवायचात आणि आणखी वाळायचात. पेला धरलेला हात थरथरायचा. एक दिवस कुस्तीच्या हौद्यातली माती उकरताना खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

आता माझा हात थरथरतोय. मी पहिल्यापासून घाबरट, कंपनीची गाडी चालवताना स्टिअरिंगवर बोटं हलायला लागली, तर सोबतचे ड्रायव्हर म्हणाले, "लई इचार करतोय ह्यो." डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, थायरॉइड वाढलेलं निघालं. म्हणाल्या, गळ्यातल्या ग्रंथीचा रस रक्तातून सगळ्या पेशींत पोचतो. पेशीत तंतुकणिका असतात, त्या अन्न जाळून शक्ती तयार करतात. दहावीला नापास झालो, तरी तंतुकणिकेची आकृती मी नावं नीट लिहून काढली होती. बाई पुढं म्हणाल्या, "रस जास्त झाला की त्या जाळतच सुटतात. उष्णता फार, शक्ती थोडी. मग अंगातलं मांसही झडतं."

"आणि खुराक वाढवला तर?"

"तोही जळतो. नुसत्या खाण्यानं हे थांबत नाही. हृदय पळत राहतं. वेळेत गोळ्या घेतल्या की आटोक्यात येतं."

तुम्हालाही हेच होतं का, विचारलं. तपासल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणाल्या. पण लक्षणं ऐकून त्यांनी माझ्या कागदावर 'वडील' असं लिहून खाली रेघ ओढली.

आई अजून म्हणते, "मीच कमी पडले. आजून घालाया पायजे हुतं." खुराक कमी नव्हता, एवढं सांगितलं तर तिची ही टोचणी जाईल. पण मग ती विचारेल, कशानं वाचले असते? गोळ्यांनी, हे तिला कसं सांगू? म्हणून माझ्या गोळ्या गाडीतच ठेवतो. हे लिहिलेलंही तिच्या हाती लागण्याआधी फाडणार आहे. मी बरा झालो, तर तुमचं जाणं टळलं असतं हे माझ्याच अंगावरून ठरेल. आज सकाळी हात जवळजवळ स्थिर होता, अप्पा. मला बरं वाटलं नाही.