तुझ्या आईचं भाषण

प्रिय भांडकुदळे,

आता तुझं स्वतःचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे, मोठी माणसं तुझ्या हाताखाली रंधा मारतात, तेव्हा या नावानं हाक मारू नये हे कळतं. पण तोंडात बसलंय, काय करू. तू बनवलेल्या गोल टेबलाचा फोटो मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो. बिचारे चष्म्याचा नंबर काढायला आलेले असतात, त्यांना धड दिसतही नाही, तरी वा वा म्हणतात.

इकडे आम्ही दोघंही मजेत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि तुझी आई जिना चढता चढता कायद्याची कलमं पाठ करते. घरात आता साधं बोलायची सोय राहिलेली नाही. परवा दूध उतू गेलं, तर निष्काळजीपणा कुणाचा यावर तिनं माझी उलटतपासणी घेतली. मी गुन्हा कबूल करून मोकळा झालो.

खरं सांगायचंय ते शनिवारच्या संध्याकाळचं. तिच्या लॉ कॉलेजात विद्यार्थ्यांच्या भाषणांचं वार्षिक भोजन होतं. तू ते कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलंस, आणि हे भोजन दुसऱ्या वर्षापासून असतं, म्हणून तू पाहिलं नसशील. त्याची एक गंमत आहे. जेवण आणि भाषणं एकाच वेळी चालतात. ऐकणाऱ्यानं खाणं थांबवायचं असा नियम नाही. बोलणाऱ्यानं ते थांबवायला लावायचं, ही खरी परीक्षा. विषय होता, ‘वकिलाची ताकद जिभेत असते’. तुझ्या आईच्या वाट्याला विरोधी बाजू आली होती.

त्याआधी किती तरी दिवस आमच्या स्वयंपाकघरात खटला चालू होता. मी न्यायमूर्ती, माझ्या हातात चमचा आणि पेला, वेळ संपली की टण्ण करून वाजवायचा. भाषण झालं की मी छान म्हणायचो. ती म्हणाली, छान काय छान, चूक काढा. मी एक चूक काढली. मग संध्याकाळपर्यंत तिनं माझ्याशी अबोला धरला.

तर शनिवारी मी ठेवणीतला कोट घालून गेलो. लांबलचक टेबलं, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे अंथरलेले, भिंतीवर जुन्या प्राचार्यांच्या तसबिरी, सगळे एकजात रागावलेले. माझ्या शेजारी कराराचा कायदा शिकवणारे एक प्राध्यापक होते. मी चष्मेवाला आहे कळताच त्यांनी आपला चष्मा उतरवून माझ्या हातात दिला. काडी वाकडी झाली होती. सूप येईपर्यंत मी ती सरळ करत बसलो. पहिला मुलगा बोलायला उठला, तो फार हुशार, पण घाईत. सगळे मन लावून जेवत राहिले. नंतरच्या मुलीनं दोनदा हसवलं, तेव्हा थोडे चमचे थांबले, पुन्हा चालू झाले.

मग तुझी आई उठली. वर्गातली मुलं ‘काकू, काकू’ करून टेबलं बडवायला लागली. आणि तिनं काय करावं? चष्माच काढून ठेवला. मी खुर्चीतून अर्धा उठलोच, कारण चष्म्याशिवाय तिला हातातला कागद दिसत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? नंतर म्हणाली, मुद्दामच काढला, कागद दिसला असता तर वाचत बसले असते.

ती हॉस्पिटलच्या टेलिफोनवरच्या नोकरीबद्दल बोलली. तू लहानपणी तिथं स्टुलावर बसून वायरींशी खेळायचीस, पण ही गोष्ट तिनं मलाही कधी सांगितली नव्हती. एकदा एका माणसाचा फोन आला आणि त्यानं तोंडाला येईल त्या शिव्या द्यायला सुरुवात केली. हॉस्पिटलला, डॉक्टरांना, हिलाही. हिनं फोन ठेवला नाही आणि उत्तरही दिलं नाही. शिव्या देऊन दमल्यावर तो हळूच म्हणाला, “बायकोची शाल चुकून माझ्या पिशवीतून घरी आली. तिला थंडी वाजत असेल का हो?” तेवढंच विचारायचं होतं त्याला. आई म्हणाली, मी मध्येच बोलले असते तर ती शाल कधीच बाहेर आली नसती.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी खात नव्हतं. प्राध्यापकांचा पाव हातातच राहिला होता.

भाषणानंतर एक प्रश्न विचारायची मुभा असते. मागून एका मुलीनं विचारलं, काकू, तुम्ही या वयात इथं कशा आलात? प्रश्नात खोडी नव्हती, कुतूहलच होतं. तुझ्या आईनं हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “माझी मुलगी इथं शिकत होती. तिनं सोडायचं ठरवलं तेव्हा मी तिच्याशी खूप भांडले. ती म्हणाली, आई, हे स्वप्न तुझं आहे, तूच पुरं कर. रागानंच म्हणाली. पण रागात बोललेली असली तरी बाजू तिची बरोबर होती. तो खटला ती जिंकली. मी फक्त निकालाची अंमलबजावणी करतेय.” सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. मी मात्र रुमाल शोधत होतो. माझ्या हाताला लागला तो टेबलावरचा कपडा.

बक्षीस दुसरं मिळालं. येताना गाडीत ती म्हणाली, परीक्षकांना कायद्यातलं काही कळत नाही.

मग मी विचारलं, हे तू लेकीला सांगितलंस का? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “फोनवर तिचा आवाज ऐकला की जेवलीस का, याच्यापुढे मला काही सुचतच नाही हो.” मागे तू मला म्हणाली होतीस, आई मला हिणवायलाच त्या कॉलेजात गेली. तेव्हा खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. आता कळलंय. तिचं ते उत्तर हॉलभर परक्या माणसांनी ऐकलं आणि जिला ऐकवायचं होतं तिच्यापर्यंतच पोचलं नाही, हे मला बघवेना, म्हणून लिहायला बसलो. रविवारी सकाळी ती घरीच असते. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडेन. तू फोन कर. ती विचारेल, जेवलीस का? हो म्हण, आणि मग थोडा वेळ गप्प राहा. बाबांनी पत्र लिहिलं हे सांगू नकोस. किंवा सांग, काय बिघडतंय.

तुझाच,
बाबा