लाल टिंबांची वही

४ मार्च

चौथी खेप झाली. तोंडाचे चार भाग पाडून चार वेळा हिरड्यांच्या आतून खरवडलं. अर्धा ओठ अजून माझा नाही. पाणी प्यायलो तर हनुवटीवरून शर्टात.

मला वाटलं, सुटलो. दवाखान्यातल्या दात साफ करणाऱ्या बाईंनी हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "आता खरी सुरुवात." चोवीस वर्षांच्या माणसाला असं सांगतात? हिरड्यांचा आजार आटोक्यात आलाय, पण गेलेला नाही. दर तीन महिन्यांनी तपासायला आणि साफ करून घ्यायला यायचं. नाहीतर परत येतो, आणि हाड खातो. किती दिवस यायचं, विचारलं. "दात आहेत तोवर." खर्च कंपनीच्या कार्डावर, त्यामुळे तीही सबब गेली.

वर ही वही दिली. रोज दात घासताना रक्त आलं तर तारखेपुढे लाल टिंब काढायचं. आठवीत शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणी गृहपाठ दिला. एका टिंबाला एवढं मोठं पान कशाला? उरलेल्या जागेत लिहितो. बाई नुसती टिंबं मोजणार, वाचणार नाहीत. विचारून घेतलं.

५ मार्च

टिंब.

६ मार्च

टिंब. बाई म्हणाल्या होत्या, खालचे पुढचे दोन दात जिभेने हलवून बघू नका. त्यांनी सांगेपर्यंत मला ते सुचलंही नव्हतं. दिवसभर हलवतोय.

११ मार्च

आज टिंब नाही. पान मोकळं आहे तर हे लिहून ठेवतो.

आमच्या धुलाईखान्यात हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे येतात. डाग निवडायचं काम माझं. चहा, लिपस्टिक, बुटाचं पॉलिश, रक्त — लांबून सांगतो. रक्ताला गार पाणी. गरम लावलं की डाग कायमचा झाला. एवढा मी जाणकार, आणि स्वतःच्या उशीवरचे डाग चार महिने चहाचे समजत होतो. शेवटी मामांनी विचारलं, "लेका, झोपेत चहा कोण पाजतं तुला?"

मामा म्हणजे माझे खोलीतले सोबती. इस्त्रीच्या रोलरवर चादरीचं दुसरं टोक तेच धरतात. खरं तर कुणाचेच मामा नाहीत. मागचा एकही दात नाही, डाव्या बाजूने चघळतात आणि उजव्या बाजूने सल्ला देतात.

दवाखान्यात पहिल्या दिवशी फॉर्म भरताना एक प्रश्न होता. घरात कुणाला हा त्रास आहे का? मी 'नाही' लिहिलं. आमच्या घरातला त्रास म्हणजे मी, असं बाबांचं मत. म्हणजे असावं. ते बोलत नाहीत, अंदाजानेच चालायचं.

२ एप्रिल

विसरलो. काल, परवा आणि त्याच्या आदल्या दिवशीही.

३१ मे

परवा तारीख आहे. तीन महिन्यांचा अभ्यास दोन दिवसांत. फटीत घालायचा तो छोटा ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लूच, आज चार वेळा फिरवला. जोर लावून. मामा म्हणाले, "दात घासतोयस का भांडी?"

मागची टिंबंही जरा नीट केली. म्हणजे बरीच काढलीच नाहीत.

२ जून

बाई एक बारीक सळई हिरडीत घालतात. तिच्यावर खुणा आहेत. सळई जितकी आत जाईल तितका आकडा. त्या आकडे बोलतात, शेजारच्या बाई कॉम्प्युटरवर लिहून घेतात. "दोन, तीन, दोन. तीन, तीन, चार." तीनपर्यंत ठीक. चार म्हणजे नजर ठेवायची. पाचच्या पुढे त्या बोलताना थांबतात.

खालच्या पुढच्या दोघांशी चार आला. थांबल्या नाहीत.

मग वही चाळली. "छान. मेमध्ये एकही टिंब नाही."

मी मान हलवली.

"वहीत नाहीत," म्हणाल्या, "हिरडीत आहेत. आणि हे ओरखडे कालपरवाचे आहेत. आमच्याकडे येताना सगळे असेच घासून येतात. मला दोन दिवस नकोत, मधले अठ्ठ्याऐंशी द्या."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हसून बोलल्या. चांगले पांढरे, घट्ट दात.

१९ जुलै

आईचा फोन. नोकरी टिकलीय ना, हेच तिचं पहिलं वाक्य. बरोबर आहे तिचं. चार वर्षांत पाच ठिकाणं झाली माझी. एका जागी बसलो की तळव्यांना मुंग्या येतात.

मागून ताटाचा आवाज येत होता. बाबा जेवायला बसले असणार. आमची जेवणं झाली की मगच ते बसायचे, एकटे, दाराकडे पाठ करून. लहानपणी वाटायचं, आमच्या पंक्तीला बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

"बाबांना देऊ?" आई म्हणाली.

"काय बोलणार आहेत?"

तिने मग पावसाचं विचारलं.

आठवीत नापास झालो तेव्हा निकालाचा कागद पुढे केला. बघितला. "हं." शाळा सोडतो म्हणालो. "हं." घर सोडलं तेव्हा स्टँडवर आले होते. गाडी सुटेपर्यंत थांबले. मी खिडकीतून म्हटलं, जातो. "हं." आणि तोंड फिरवून चालायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर त्या तरी बरोबर आणल्या असत्या.

टिंब.

२ सप्टेंबर

आज तारीख होती. गेलो नाही. दुखत नाही, खुपत नाही, सुट्टीचा एकच दिवस. मामा म्हणाले, "जे दुखत नाही त्याला डॉक्टर दाखवणारा तूच पहिला." पटलं. दुपारी चारपर्यंत झोपलो. दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला.

१४ नोव्हेंबर

सकाळी अभ्रा बदलताना पाहिलं. उशीच्या उजव्या कोपऱ्यात तीन डाग. मी लांबून सांगतो. चहाचे नाहीत.

गार पाण्यात भिजवला.

२० नोव्हेंबर

"तीन, चार, चार. चार, पाच—"

थांबल्या. सळई बाहेर काढली, पुसली, परत घातली.

"सहा."

खालचा पुढचा, डावीकडचा. औषधाने बधिर करून दोन तास आतून साफ केलं. नंतर खुर्ची उभी केली आणि एक्स-रे समोर धरला. मार्चचा आणि आजचा. हाडाची रेघ कुठून कुठे आली ते मलाही कळलं. आठवी शिकलेल्याला कळावं असंच होतं ते.

"पुढच्या वेळी इथे सहाच राहिला तर हा दात मी सांभाळू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "नंतर त्याचा शेजारी. तीन महिने आहेत तुमच्याकडे. आणि घरी विचारा. या वयात इतकं हाड उगाच जात नाही. तुम्ही फॉर्मवर 'नाही' लिहिलंय. विचारून लिहिलंत का न विचारता?"

न विचारता.

२३ नोव्हेंबर

आईला विचारलं, "घरात कुणाचे दात लवकर गेले होते का गं?"

"तू लहानपणी गोळ्या फार खायचास."

"आई."

तिकडे दार लोटल्याचा आवाज.

"तुझ्या बाबांचे," हळू आवाजात म्हणाली. शेजारच्या खोलीत असणार ते.

"किती?"

"किती काय? सगळे. तू व्हायच्या आधीच. तिसावं चालू होतं. हलायचे, एकेक पडायचा. मग म्हणाले, हप्त्याहप्त्याने कशाला, काढून टाका एकदम. कवळी बसवली. पण ती सैल. दोन वाक्यं सलग बोलले की खाली येते. एकदा कचेरीत साहेबांसमोर निसटली, तेव्हापासून मोजकंच बोलतात. आणि जेवताना काढून ठेवावी लागते रे, म्हणून एकटे बसतात. पोरांना सांगायचं नाही, अशी मला शपथ घातलीय. मी सांगितलं म्हणून बोलू नकोस."

"बोलू कुणाशी? बोलतात कुठे ते?"

"हं," आई म्हणाली. आणि मग तीच हसली. मला नाही आलं हसू.

२४ नोव्हेंबर

म्हणजे इतकी वर्षं मी एका सैल कवळीवर रुसून बसलो होतो. तिच्यावर चिडून शाळा सोडली, तिच्यावर चिडून घर सोडलं आणि इतक्या लांब येऊन दुसऱ्यांच्या चादरी निवडतोय.

२५ नोव्हेंबर

सगळंच कवळीवर ढकलता येणार नाही. चिठ्ठी लिहिता आली असती त्यांना. पण मी तरी कुठे लिहिली? लिहितो ती टिंबं मोजायच्या वहीत.

टिंब.

२६ नोव्हेंबर

आईला फोन करून धाकट्या बहिणीच्या हिरड्यांबद्दल विचारलं. पंधरा वर्षांची आहे. "ब्रशला थोडं लाल येतं, त्याचं काय एवढं?" म्हटलं, आताच्या आता दाखवून आण. आई म्हणाली, मला कुठे कळतंय त्यातलं. म्हटलं, ज्यांना कळतंय त्यांना पाठव.

१२ डिसेंबर

सतरा दिवस सकाळ-संध्याकाळ. बाईंनी शिकवलं तसं, तिरका ब्रश, हळू हात. जोर लावायचा नाही हेच अवघड. पिल्लू-ब्रश प्रत्येक फटीत. एकही दिवस चुकवला नाही. मला स्वतःचीच भीती वाटायला लागलीय.

टिंब, पण लहान. बाईंनी आकार सांगितला नव्हता.

५ जानेवारी

मामा आनंदात. मोठ्या प्रवासी जहाजावर धुलाईखाना आहे, तिथे दोन जागा. मार्चमध्ये चढायचं, नऊ महिने समुद्रावर. "तुझंही नाव सांगून ठेवलंय. नवनवीन बंदरं लेका! इथे रोलरसमोर म्हातारा होणार आहेस का?"

तळव्यांना लगेच मुंग्या. हो म्हणून टाकलं. जिभेने दात हलवून पाहिला. तोही हो म्हणाला.

२३ जानेवारी

धाकटीचा फोन. बाबा तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, आईही बरोबर. सुरुवात आहे, वेळेत आलात, म्हणाले डॉक्टर. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला? आई म्हणे खाली बघायला लागली.

"मग?"

"मग बाबांनी तोंडात हात घातला आणि काढून टेबलावरच ठेवली," धाकटी म्हणाली. "दादा, त्यांचे गाल आत गेले एकदम. मी घाबरलेच. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, रोज घासायचं. तर ते 'लोज घाशायचं' असं झालं. आणि मी हसले रे. मला हसायला नको होतं."

"ते रागावले?"

"नाही. तेही हसले. मी पहिल्यांदाच बघितलं."

चार वर्षं मी लांब आहे. मी तर अजून बघितलंच नाही.

१८ फेब्रुवारी

परत खुर्ची. पुढचे दोघे शेवटी घेतले बाईंनी, मुद्दामच असणार.

"तीन. तीन." थांबल्या. सळई परत घातली. माझ्या डोक्यात सहा, सहा, सहा.

"चार."

शेजारच्या बाईंनीही मान वर करून बघितलं.

वही चाळली. डिसेंबरमध्ये पाच टिंबं, जानेवारीत दोन, या महिन्यात एकही नाही. "या वेळी खरी आहेत," म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

मी म्हटलं, "बाई, नऊ महिने नाही आलो तर? जहाजावर काम मिळतंय."

"जा की. समुद्र चांगला असतो," त्या सळया आवरत म्हणाल्या. "आल्यावर या. कवळीचं माप दोन खेपांत होतं."

फॉर्म मागून घेतला. 'नाही' खोडून 'वडील' लिहिलं. माझं अक्षर अजून आठवीतलंच आहे.

१९ फेब्रुवारी

मामांना सांगितलं, मी जहाजावर येत नाही. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, हिरड्या.

मामा रोलरला टेकून इतके हसले की चादर वाकडी गेली. "पोरीपायी राहिलेले बघितलेत, आईपायी राहिलेले बघितलेत. हिरड्यांपायी पहिलाच!" हसताना मागचा सगळा मोकळा जबडा दिसला. मी वाकडी चादर सरळ केली. पुढची तारीख १९ मे. एखाद्या गावात मी पहिल्यांदाच तीन महिन्यांनंतरचं काही ठरवलंय.

२२ फेब्रुवारी

फोन वाजला. नंबर घरचा, पण आई नव्हती. बाबा. स्वतः लावलेला पहिलाच.

"आकडे किती आले?"

सांगितले. त्यांचे शब्द नुसते फुसफुस येत होते. म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, फोन बिघडलाय वाटतं.

"फोन चांगला आहे. कवळी काढून ठेवलीय. ती घालून बोलता येत नाही."

सव्वा तास बोलले. निम्मं मला कळलंच नाही. मी नुसतं हं, हं म्हणत होतो.