वडिलांचा रकाना

तीर्थरूप बाबा,

पायांवर डोकं ठेवतो, वर बघायची हिंमत नाही.

मी बरा आहे, जिना हळूहळू चढतो. आईला एवढंच वाचून दाखवा.

हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी क्रेन चालवायला कायमची बंदी घातलीय. अशा वेळी कामावरचा विमा अर्धा पगार देतो, पण मला तो मिळणार नाही. नोकरीला लागताना फॉर्मवर विचारलं होतं, ‘वडिलांना हृदयविकार आहे का?’ क्रेन हातची जाईल म्हणून मी ‘नाही’ लिहिलं. तुमच्या बायपासला तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि मी कागदावर तुम्हाला ठणठणीत करून टाकलं.

रोज चालायला जाता ना?

धाकटाही इकडच्या नोकरीचा फॉर्म भरतोय म्हणे. वडिलांचं खरं लिही म्हणावं. आणि भावाच्या रकान्यातही ‘हो’ लिही.

तुमचा,
थोरला