ऑर्किडवर पाळत

७ नोव्हेंबर
संचिता बंगळूरला परत गेली. जाताना तिचं ऑर्किड माझ्या हवाली केलं. फुलं गळालेली, नुसती पानं. म्हणाली, खिडकीजवळ ठेवा, आठवड्यातून एकदाच पाणी, बाकी हात लावू नका. माझ्या हातून काही जगत नाही यावर मायलेकींचं एकमत आहे. ती १५ फेब्रुवारीला येणार. तेव्हा फुललेलं दाखवायचंच.

८ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
तळमजल्याची खिडकी धोक्याची. समोरचे पंढरीनाथ पिशवी आणि आकडी घेऊन सोसायटीभर हिंडतात. जास्वंद, तगर, कुणाचीही असो, यांच्या देवाला. आज आमच्या खिडकीखाली दोन मिनिटं थांबले. चप्पल नीट करत होते म्हणे. कुंडी बाथरूममध्ये हलवली.

२ डिसेंबर
कुंडी हलते आहे! लादीवर खडूने खूण केलेली, ती आज चार बोटं बाजूला. हिला विचारलं. म्हणाली, आंघोळीला जागा नको का? उत्तर फारच पटकन आलं.

१९ डिसेंबर
पानाखालून हिरवी दांडी आली. म्हणजे या झाडाला अंधारच मानवतो. संचिताला फोनवर सगळं शास्त्र समजावलं. ती म्हणाली, आईला द्या जरा.

११ जानेवारी
फाटकाशी पंढरीनाथांनी विचारलं, कळ्या किती आल्या? कळ्या आहेत हे यांना कळलं कसं? नौपाड्यात जाऊन कुलूप आणलं, बाथरूमला लावलं. ही टॉवेल घेऊन शेजारी निघाली. कुलूप काढलं.

१२ फेब्रुवारी
सात कळ्या, त्यातली एक अर्धी उमललेली. उद्या पंढरीनाथांकडे सत्यनारायण. फुलं भरपूर लागणार. लक्षण ठीक नाही.

१३ फेब्रुवारी, पहाटे ५.४०
डोकं चाललं. पूजेची फुलं, गजरे आपण ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतोच की. दांडी बुडापासून कापली, गुंडाळली, डब्यात घालून मेथीच्या जुडीमागे ठेवली. या आता, पंढरीनाथ.

१५ फेब्रुवारी
संचिता आली. मी ऐटीत डबा उघडला. कळ्या काळ्या पडलेल्या, फूल फडक्याला चिकटलेलं. ती म्हणाली, बाबा, झाडावर दोन महिने टिकलं असतं.

मग हिने सांगितलं. मी फिरायला गेलो की ही रोज कुंडी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवायची. पाणी कधी घालायचं ते पंढरीनाथ सांगायचे. त्यांच्याकडे तीन ऑर्किड आहेत आणि त्यांचं एकही फूल ते तोडत नाहीत.

संचिता कुंडी उचलून समोर गेली, त्यांच्याकडेच ठेवून आली. मला वाईट वाटलं. खूपच.

संध्याकाळी सहज बघून यावं म्हणून त्यांची बेल वाजवली. पंढरीनाथांनी दार उघडलं. साखळी न काढता.