समुद्रातल्या नांग्या

नाना, कालच कोकणातून आले. चौथीनंतर शाळेतून तुम्हीच काढलंत, तेव्हा लिहिण्यात चुका दिसल्या तर गप्प बसा. या वयात मी समुद्रात उतरले. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, नातीचा हात धरला, खडकावर उभी राहिले. पायाखालून पाणी पळतंय आणि मला इतकं हसू येतंय की नात म्हणते, "आजी, पडशील." म्हटलं, पडले तर लोणच्यासारखी मुरेन. लेकानं मला एसटीत बसवलं ते तिला परत आणायला. इथे नाशकात तिच्यासाठी चांगली नोकरी बघून ठेवलीय. आणि मी आपली पाण्यात खेळतेय.

ही नात तुम्ही पाहिली नाहीत, तुम्ही गेल्यावर जन्मली. ती समुद्रातल्या शेवाळाचं शिकली. आपल्या हौदातलं बुळबुळीत शेवाळ नव्हे, हे हातभर वाढतं, तपकिरी, झुडपासारखं. द्राक्षांवर आपण मारतो त्या एका औषधात असलंच काहीतरी असतं म्हणे. त्यात माशांची पिल्लं लपतात, मोठी होतात. आता पाणी तापतंय, गाळ येतोय, खडक बोडके झालेत. ओहोटी लागली की ती दोन मैत्रिणींना घेऊन जाते, दगडांना दोरीनं रोपं बांधते. पुन्हा जाऊन बघावं तर बहुतेक सडलेली. ती काढायची, नवी बांधायची. ते बघितलं आणि मला तुमचा विहिरीजवळचा कांद्याचा वाफा दिसला.

मर लागलीय. रोज सकाळी रोपं माना टाकतात, आणि तुम्ही मेलेल्याच्या जागी नवं रोप लावत नांग्या भरताय. मी मागून एकेक रोप हातात देतेय. आई बांधावरून ओरडते, "मातीच आजारी आहे, पोरीला कशाला उन्हात मारताय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "रिकामी जागा दिसली की घास उतरत नाही मला."

नातीनं खडकावर बसून विचारलं, "आजी, इथे काही उरायचं नाही. सोडून देऊ का गं?" मी तिला वाफ्याचं सांगितलं.

"मग आला कांदा?"

"नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही."

ती त्या बोडक्या दगडाकडे वळली. मग हात मागे करून म्हणाली, "दोरी दे." मी दिली. ती रोपंही जायची, नाना. तिला कळतं, मलाही कळतं.

घरी लेकाला सांगितलं, खूप समजावलं, पण पोरगी ऐकत नाही. त्या बिचाऱ्याला खरं वाटलं. हा कागद तांदळाच्या डब्यात खाली सारून ठेवते; तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, पण त्याच्या हाती लागायला नको. खरं म्हणजे मी तिला 'घरी चल' असं एकदाही म्हटलं नाही.